पिल्लाची आई कुठे आहे?

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातल्या रुळांवरून प्रेते उचलून पंचनामे केले. त्यातले बरेचसे आता धूसर झाले आहे. पण लोणावळ्याच्या ठाण्यात असताना घडलेले एक प्रकरण, ज्यात ना हत्यार होते ना चोरीचा माल, ते मात्र शब्दाशब्दाने लक्षात राहिले.

एकोणीसशे साठचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मी तिथे फौजदार होतो. सकाळची हजेरी संपली होती, जमादार स्टेशन डायरी लिहीत बसले होते. तेवढ्यात तुंगार्लीतल्या एका शेटच्या बंगल्यावरचा माळी दारात येऊन उभा राहिला. जवळच्या ठाकरवाडीतला पन्नाशीचा माणूस. उजव्या हाताला फडके गुंडाळलेले.

"सायेब, शेटनी कुनाला सांगू नको म्हन्लंय. पन मला लय भ्या वाटतंय."

मी त्याला बाकावर बसवले, पाणी दिले आणि काय झाले ते विचारले.

"शेटनी नवं कुत्रं आणलंया. वीतभर पिल्लू वो, पांढरं, केसाळ. परवापासनं पलंगाखाली जाऊन बसलं व्हतं. लाकूड चावायचं, तोंडातनं लाळ गळायची. काल बाईंच्या बोटाला चावलं. सोडवाय गेलो तर मला डसलं. आज सकाळी मेलं."

"कुठून आणलं होतं?"

"तळ्याकडच्या त्या ममईवाल्या सायबाकडनं." त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुमीबी त्याच्याकडनंच नेलंय न्हवं, सायेब?"

जमादारांचा टाक थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, पण लिहायचे थांबले एवढे खरे.

माळी खोटे बोलत नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी मी माझ्या सात वर्षांच्या मुलीसाठी त्याच माणसाकडून पॉमेरियनचे पिल्लू आणले होते. हा गृहस्थ मुंबईहून येऊन तुंगार्लीच्या तळ्याजवळ एका बंगल्याचे आऊटहाऊस भाड्याने घेऊन राहिला होता. बोलणे गोड, कपडे इस्त्रीचे. पिल्लाची आई पाहू का, असे मी ओझरते विचारले होते. "ती मुंबईला कुत्र्यांच्या प्रदर्शनाला गेलीय," तो म्हणाला आणि लाखेचा शिक्का मारलेला वंशावळीचा इंग्रजी कागद माझ्यापुढे धरला. पिल्लू आठ आठवड्यांचे आहे, दोन दिवसांत उरलेलीही जातील, असे सांगितले. "फौजदारसाहेबांच्या घरी माझं पिल्लू जातंय, हा माझा मान," असेही म्हणाला. माणसांवर संशय घेणे हा ज्याचा धंदा, तो मी तेवढ्या एका वाक्यावर पिल्लू उचलून घरी आलो.

ठाण्यापासून माझे घर पाच मिनिटांवर होते. त्या दिवशी ते अंतर मी कसे तोडले ते आठवत नाही. मुलगी ओसरीवर बसली होती. पिल्लू तिच्या मांडीत पालथे पडून तिची करंगळी चघळत होते.

"बाबा, बघा ना, कसं गुदगुल्या करतंय!"

मी पिल्लू उचलले, न्हाणीघरात ठेवले आणि बाहेरून कडी घातली. मग तिचे हात उजेडात धरून पाहिले. दोन्ही हातांवर बारीक बारीक ओरखडे होते. दुधाच्या दातांचे. काही जुने, काही कालचे. बायकोने विचारले, "काय झालं हो?" मी मुलीला घेऊन दवाखान्याकडे निघालो.

नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. ते फार बोलणारे नव्हते. "पिल्लू आज धडधाकट दिसतं म्हणून थांबू नका. उद्यापासून सुरू करू. चौदा इंजेक्शनं, पोटात. ज्यांना ज्यांना दात लागलाय, त्या सगळ्यांना आणा. रोग एकदा उमटला की माझ्या हातात काही नाही, कुणाच्याच हातात नाही."

मी ठाण्यात परत आलो आणि डायरी पुढे ओढली. माळ्याची खबर लिहिली. त्याखाली लिहिले की त्याच वेतातले एक पिल्लू प्रस्तुत अधिकाऱ्याच्या घरी आहे. आपलेच नाव असे डायरीत चढवताना शरम वाटली, पण ते लपवले असते तर पुढे सगळे प्रकरण कोसळले असते. उपअधीक्षक साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "तुम्ही यात फिर्यादी पक्ष झालात. पण दुसरा अधिकारी पाठवायला मला दोन दिवस लागतील. तोवर तपास थांबवू नका. जबाब मात्र जमादारांनी नोंदवायचे."

दुपारी त्या गृहस्थाला ठाण्यात बोलावले. तो शांत होता. खुर्चीवर पायावर पाय टाकून बसला.

"किती पिल्लं होती?" जमादारांनी विचारले.

"तीन. एक शेटकडे, एक तुमच्या साहेबांकडे, एक माझ्याकडे आहे. शेटच्या पिल्लानं काहीतरी विषारी खाल्लं असणार."

"विकल्याची नोंद?"

"ओळखीच्या लोकांना दिली. नोंद कशाला ठेवायची?"

"आई कुठे आहे?"

"मुंबईला. प्रदर्शनाला."

तासभर हेच चालले. मग त्याने माझ्याकडे मान वळवली. "खरं सांगू? तुमच्या घरात एक पिल्लू आहे म्हणून तुम्ही घाबरलात. एका मेलेल्या कुत्र्यावरून केस रंगवताय."

मी उठलो. माझा हात वर गेला होता, हे जमादारांनी तो मनगटापाशी धरला तेव्हा मला कळले. जमादार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, मारलं तर हा काहीही कबूल करेल, नि ते काही खरं नसेल. आपल्याला खरं पाहिजे. तुम्ही खंडाळ्याच्या बाईंना भेटून या. त्यासुद्धा कुत्री पाळतात. त्यांना ह्यातलं कळतं."

या बाई मुंबईच्या एका इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. खंडाळ्याला राहत आणि पॉमेरियनच वाढवत. आमच्याकडच्या लोकांत त्या खडूस म्हणून प्रसिद्ध होत्या, कारण पिल्लू मागायला आलेल्या दहांतल्या आठांना त्या परत पाठवत. मीसुद्धा आधी त्यांच्याकडे निरोप धाडला होता. "मुलीला घेऊन तीनदा या, मग ठरवू," असे उत्तर आले होते. कोण तीनदा जाणार, म्हणून मी तुंगार्लीला गेलो होतो.

माझे पिल्लू मी खोक्यात घालून नेले होते. बाईंनी जाड कातडी हातमोजे चढवले, त्याचा जबडा उघडला, दात पाहिले, दूर धरून चालवले.

"विकताना किती आठवड्यांचं सांगितलं?"

"आठ."

"तेव्हा हे पाचाचंसुद्धा नसेल. आईपासून लवकर तोडलंय. आई पाहिलीत?"

"ती प्रदर्शनाला गेली होती म्हणाला."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "फौजदारसाहेब, व्यायलेल्या कुत्रीचे केस झडतात. मोराच्या पिसाऱ्यासारखी दिसणारी कुत्री महिन्याभरात लूत लागल्यासारखी दिसते. अंगावर दूध असतं. तशी कुत्री कोण प्रदर्शनात नेईल? आणि आई जिवंत असती, तर पाच आठवड्यांच्या आत पिल्लं विकायची एवढी घाई कशाला केली असती? त्याला एवढंच विचारा, की आई कशानं मेली."

निघताना त्या आणखी एक बोलल्या. "आणि तिथे झाडलोट कोण करतं ते बघा. मालक खोटं बोलेल. शी-घाण काढणारं माणूस सगळं जाणून असतं."

ठाण्यात परतल्यावर मी त्याच्यासमोर बसलो. या वेळी आवाज चढवला नाही.

"तुमची कुत्री कशानं मेली?"

त्याचा पाय पायावरून खाली आला. म्हणाला, "साप चावला."

"कुठे पुरलीत?"

त्याचा दुपारचा तोरा उतरला होता. दोन पंच घेऊन आम्ही आऊटहाऊसवर गेलो. मागच्या पंपघराजवळ माती भुसभुशीत होती. उकरल्यावर पोत्यात गुंडाळलेली कुत्री मिळाली. कवटी फुटलेली होती. साप चावलेल्या कुत्रीचे डोके फोडत नाहीत, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. कुंपणाची जाळी एके ठिकाणी खालून उचकटलेली होती. आत उरलेले तिसरे पिल्लू एका खोलीत कोंडले होते, ते त्या दिवशी तरी ठीक दिसत होते. ते पशुवैद्यांच्या ताब्यात दिले.

झाडलोट करणारी बाई दहा-बारा दिवस कामाला आली नव्हती. ती वरच्या ठाकरवाडीतली. आमचा माळीच वाट दाखवायला पुढे झाला. दिवस कलायच्या आत आम्ही वर पोचलो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. साठीच्या घरातली, विधवा, वाडीत सगळे तिला मावशी म्हणत. डाव्या मनगटावर पाला बांधलेला होता.

पोलीस पाहून ती उभी राहिली, पण पळाली नाही.

"मावशी, हाताला काय झालं?" मी विचारले.

"कुत्री चावली. महिना झाला आसंल. भरलंय आता."

मग तिने सगळे सांगितले. कुत्री गाभण होती तेव्हा भर दुपारी कोल्हा जाळीखालून आत शिरला होता आणि कुत्रीला चावून गेला होता. साहेबाने जखमेवर आयोडीन लावले, पुढे कुत्री व्याली, पिल्ले चांगली निघाली. पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली तेव्हा आई बिथरली. स्वतःच्याच पिल्लांना चावू लागली.

"मी पिल्लू वडाय गेले तर माजा हात धरला तिनं. मग सायबानं काठीनं मारली तिला. मला म्हन्ला, गप ऱ्हा. कुनाला सांगितलंस तर पोलीस तुलाच नेतील. म्हून मी बोलले न्हाई."

"पिल्लं किती होती?"

"चार."

जमादारांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. त्याने तीन सांगितली होती.

"चवथं कुठं गेलं, मावशी?"

"त्येच तर आईनं फाडलं व्हतं. कानाचा लचका गेल्ता. सायबानं कानाची केसं कापून सारकी केली नि कामशेतच्या पाववाल्याला दिलं. त्याची पोरं लय खूश झाली व्हती."

मी उठलो. तशी ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "तुमी पिल्लू न्यायला आल्ता तवा मी तितंच व्हते, फाटकापाशी. तुमाला सांगनार व्हते. पन तुमी त्या सायबासंगं हसत बोलत व्हता."

मला ती आठवली नाही. फाटकाशी कुणी बाई बादली घेऊन उभी होती की नव्हती, हेसुद्धा आठवले नाही. हाताला चिंधी बांधलेली बाई माझ्यासमोर उभी होती आणि मी एक लाखेचा शिक्का बघत होतो.

तिचा जबाब घेऊन, सकाळी दवाखान्यात यायचे नक्की करून आम्ही उतरलो. कामशेतला जीप पोचली तेव्हा बेकरीची भट्टी पेटलेली होती. बेकरीवाले मुसलमान गृहस्थ, गावात दोन पिढ्यांपासून राहत असलेले. मी पिल्लाची चौकशी करताच त्यांचा चेहरा काळजीचा झाला, पण ती काळजी वेगळीच होती.

"बरं झालं साहेब आलात. दोन दिवस झाले, काही खात नाही. जबडा असा लोंबतोय. घशात हाड अडकलंय बहुतेक. मुलं चमच्यानं दूध पाजतायत."

"कुठे आहेत मुलं?"

"आत. पिठाच्या कोठीत."

आत तीन मुले होती. सगळ्यांत मोठी मुलगी दहाची असेल. तिने पिल्लू मांडीवर धरले होते, एका हाताने त्याचा जबडा उघडून ठेवला होता आणि धाकटा भाऊ चमचा आत घालत होता. दुसऱ्या भावाची बोटे पिल्लाच्या तोंडात होती. घशातले हाड शोधत होता. त्याच्या मनगटापर्यंत लाळ आली होती.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर पिल्लू दचकले असते. मी हळूच म्हणालो, "बाळ, बोटं बाहेर काढ. अगदी हळू. हां, असं. आता ताई, तू त्याला खाली ठेव." त्या दोन-तीन वाक्यांना जितका वेळ लागला, तितका वेळ माझ्या आयुष्यात दुसऱ्या कशाला लागला नाही. मुलीने पिल्लू पोत्यावर ठेवले. जमादारांनी वरून टोपली उपडी घातली आणि तिच्यावर बसले.

"चाचा, मुलांचे हात साबणानं धुवा," मी म्हणालो. "भरपूर पाणी ओतून, पुन्हा पुन्हा. आणि उद्या सगळे लोणावळ्याला या."

चाचांना मग समजले. ते भिंतीला टेकले आणि तोंडावर हात घेऊन खाली बसले.

पिल्लू त्याच रात्री मेले. त्याचे डोके बर्फात घालून तपासणीला मुंबईला पाठवले. तिसऱ्या दिवशी तार आली. पिसाळलेलेच होते.

दुसऱ्या दिवसापासून नगरपालिकेच्या दवाखान्यात एक बाक भरू लागला. लस पुण्याहून थर्मासमध्ये गाडीने येई. बाकावर शेटच्या बाई, त्यांचा माळी, बेकरीवाल्यांची तीन मुले, माझी मुलगी आणि वाडीवरची मावशी. एरवी हे लोक एका बाकावर कधी बसले नसते. शेटच्या बाई पहिल्या दिवशी कडेला उभ्या राहिल्या, चौथ्या दिवशी बेकरीवाल्यांच्या धाकट्याला मांडीवर घेऊन बसल्या. माझी मुलगी आत जाताना मावशीचे बोट धरी. सुई लांब असे. तिचे ओरडणे बाहेर ऐकू आले की मी खिडकीबाहेर बघत राही.

दरम्यान पशुवैद्यांनी माझे पिल्लू आणि तिसरे पिल्लू कायमचे झोपवले. आई चावल्याचे उघड झाल्यावर दुसरा मार्ग नव्हता. माझ्या पिल्लाच्या तपासणीत दोष सापडला नाही. पण ते कळले ते सगळे झाल्यावर. मुलीला मी सांगितले की त्याला मोठ्या दवाखान्यात ठेवले आहे. तिने मान हलवली आणि पुन्हा कधी विचारले नाही.

नवव्या दिवशी मुलगी आत गेली होती आणि मावशी बाकावर माझ्याशेजारी होती. सकाळपासून जखमेच्या जागी मुंग्या येताहेत म्हणाली. मी कंपाउंडरकडून पाण्याचा तांब्या आणून तिला दिला. तिने तो ओठांशी नेला आणि तिचा गळा एकदम आवळला. पाणी सांडले. तिने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी तांब्या जवळ येताच सारे अंग थरथरले.

"काय झालं रं हे," ती हसत म्हणाली, "तहान लय लागलीया, नि पानी जात न्हाई."

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी पाहिले आणि मान खाली घातली. महिन्यापूर्वी सुई मिळाली असती तर, एवढाच त्याचा अर्थ होता.

तिला आतल्या खोलीत ठेवले, खिडक्यांना कांबळी लावली. वडगावहून मामलेदारांना बोलावून मृत्यूपूर्व जबाब घेतला. झटका ओसरला की ती शुद्धीवर असे आणि नीट बोले. मामलेदारांनी विचारले, "कुणाविरुद्ध तक्रार आहे का?"

ती म्हणाली, "कुत्रीचा दोष न्हाई, पिल्लांचाबी न्हाई. सायबानं गप ऱ्हा म्हन्लं, मी गप ऱ्हायले."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

वडगावच्या कोर्टात तिचा हा जबाबच निर्णायक ठरला. हयगयीने मृत्यूस कारण होणे, रोग पसरवणे आणि फसवणूक, या तिन्ही कलमांखाली त्या गृहस्थाला सक्तमजुरी झाली. वंशावळीचा कागद मुंबईच्या एका छापखान्यात छापून घेतलेला निघाला. बाकावरची बाकी सगळी माणसे वाचली.

लोक आजही मला विचारतात, लहान जातिवंत पिल्लू कुठून घ्यावे. मी सांगतो, दिवसाउजेडी जा. आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, मग ती कितीही दूर गेलेली असो. तुम्हाला एकही प्रश्न न विचारता जो पिल्लू हातात देतो, त्याच्याकडून घेऊ नका. जो तीन फेऱ्या मारायला लावतो, त्याच्याकडे तीन फेऱ्या मारा. आणि परत निघण्यापूर्वी, तिथे झाडलोट करणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोला. त्याच्या हातांकडे बघा. पोलिसाला हे एका कुत्र्याकडून शिकावे लागले, ही लाज मी लपवत नाही.

माझी भीती मात्र कोर्टाबरोबर संपली नाही. डॉक्टरांनी धोका टळला म्हणून सांगितल्यावरही, कितीतरी महिने मी मुलगी झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर तिच्यापुढे पाण्याचा पेला धरी आणि घोट गळ्यातून खाली उतरेपर्यंत तिच्याकडे बघत राही. बायको म्हणे, आता पुरे. माझ्याने पुरे होत नसे.

मुलगी आता संसारात रमली आहे. मागच्या दिवाळीला आली होती, जेवताना सहज म्हणाली, "बाबा, लहानपणी तुम्ही मला सारखं पाणी का हो पाजायचात? मला तहान नसली तरी."

मी म्हणालो, "उन्हाळा होता, बाळ."